किल्लीच्या जुडग्याला कुठली बॅटरी लावाल?

मोबाईलमध्ये टॉर्च असताना वेगळी बॅटरी कशाला हवी, असं मला शहरातले नातेवाईक विचारतात. गावातले लोक विचारत नाहीत, ते सरळ मोबाईल पेटवून चालू लागतात. मला दोन्ही पटत नाही. आमच्या पिंगुळीत महामार्गाचा झगमगाट सोडून थोडं आत वळलं की पाणंद लागते. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, गडग्याच्या फटींत गवत, खाली काजूचा वाळलेला पाला. या वाटेवर रात्री पायाखाली काय आहे ते दिसणं ही हौस नव्हे. म्हणून माझं मत असं आहे की घरातल्या प्रत्येक चालत्याफिरत्या माणसाच्या किल्लीला किंवा दप्तराला एक छोटी बॅटरी असावी, आणि ती घेताना ‘उजेड किती लांब पडतो’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा.

(बॅटरी म्हणजे टॉर्च. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि तिच्या पोटात घालतात तो सेल. ‘विजेरी’ हा फार सुंदर शब्द आहे. तो मी वर्गात शिकवतो, दुकानात वापरत नाही.)

आधी फुरशाबद्दल बोलू, कारण माझ्या दृष्टीने बॅटरीची निवड तिथूनच सुरू होते. फुरसं असतं जेमतेम हातभर लांब, रंगाने मातकट, अंगावर फिकट नक्षी. जांभ्या दगडावर आणि वाळक्या पाल्यात ते असं मिसळून जातं की समोर असूनही दिसत नाही. दिवसा दगडाखाली, रात्री बाहेर. पाय जवळ आला तरी ते पळून जाईलच असं नाही. जागीच वेटोळं घालून अंगाचे खवले एकमेकांवर घासतं, त्याचा खरखर आवाज येतो. पण छत्रीवर पाऊस वाजत असताना तो आवाज कुणाला ऐकू येणार? भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात म्हटलं आहे. त्यातली बहुतेक खेड्यांतली होती, आणि जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. पावसाळ्याचे हे चार महिने. ईशाची नमाज पढून परतणारा माणूस याच महिन्यांत एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाईल, पायात रबरी चप्पल अशा थाटात येत असतो.

आता या माणसाला उजेड किती लागतो? एका मेणबत्तीचा उजेड साधारण १२ ल्युमेन भरतो. पुढची तीन-चार पावलं नीट दिसायला २० ते ५० ल्युमेन पुरे होतात. पाकिटावर १००० असा आकडा छापलेला असतो त्याला भुलू नये. स्वस्त मालावरचे आकडे पुष्कळदा फुगवलेले असतात. आणि आकडा खरा असला, तरी बोटाएवढ्या नळीत एवढी उष्णता मावत नाही, म्हणून काही मिनिटांतच ती बॅटरी मंद होते. शिवाय डोळ्यांचंही एक गणित आहे. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात. प्रखर झोत पेटवला की ती सगळी कमाई एका क्षणात जाते. झोतात येईल तेवढंच दिसतं आणि बाजूचा गडगा काळाकुट्ट होतो. समोरून येणाऱ्या म्हाताऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. गरजेपेक्षा जास्त पाणी सांडलं तर आपण त्याला इसराफ म्हणतो. उजेडाचाही इसराफ होतो असं मला वाटतं.

म्हणून बॅटरीत निदान दोन पायऱ्या हव्यात, मंद आणि मोठी, आणि बटण दाबल्यावर मंद आधी लागली पाहिजे. बाजारातल्या बऱ्याच बॅटऱ्या उलट करतात. पहिल्या दाबाला डोळे दिपवतात, आणि वर तिसऱ्या दाबाला लुकलुकणारा प्रकाश देतात. तो कुणाला हवा असतो हे मला आजवर कळलेलं नाही.

उजेडाच्या जोरापेक्षा तो कुठून पडतो याला जास्त महत्त्व आहे, आणि हे पिंगुळीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. हे गाव ठाकर कलावंतांच्या चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांसाठी ओळखलं जातं. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना याच कलेसाठी पद्मश्री मिळाली. चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात दिवा पडद्यामागे, बाहुलीच्या पाठीशी असतो, म्हणून तर पुढे बसलेल्यांना सावली दिसते. तोच दिवा भलतीकडे धरला तर खेळच उभा राहणार नाही. वाटेवरही तसंच आहे. छातीशी धरलेल्या मोबाईलचा पसरट उजेड वरून पडतो आणि जमीन सपाट दिसते. हात खाली सोडून, मांडीच्या उंचीवरून तिरका उजेड टाकला की प्रत्येक दगडाची, काटकीची, वेटोळ्याची सावली पडते. सावली पडली की पाल्यात लपलेली वस्तू उठून दिसते. पूर्वी माडाच्या झावळीची चूड पेटवून लोक रात्रीचे चालत, तेव्हा चूडही खालीच धरलेली असे. किल्लीच्या जुडग्यातली छोटी बॅटरी दोन बोटांत धरून हात खाली सोडता येतो. मोबाईल तसा धरायला माणूस बिचकतो, पडला तर काय घ्या!

रंगही पाहावा. निळसर पांढरा उजेड अंगणात झगमगीत वाटतो, पण त्यात तपकिरी, लालसर, मातकट हे रंग फिके पडून एकसारखे होतात. किंचित पिवळसर उजेडाची बॅटरी मिळाली तर ती घ्यावी.

खरा पेच आहे तो सेलचा. अगदी स्वस्त, चपट्या बॅटऱ्यांत बटणाएवढे सेल असतात. उजेड बेताचा, सेल लवकर संपतो, आणि नवा घ्यायला गेलं की बॅटरीइतकीच किंमत पडते. हे सगळं मी सोसलं असतं, पण लहान मूल असलेल्या घरात ही बॅटरी नकोच असं माझं ठाम मत आहे. बटणसेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. मूल नुसतं लाळ गाळतं, खात नाही, आणि घरच्यांना वाटतं दात येत असतील. नुसता संशय आला तरी ओकारी काढायच्या भानगडीत न पडता तडक दवाखाना गाठायचा. ज्यांच्याकडे अशी बॅटरी आहे त्यांनी तिचं झाकण स्क्रूने बंद होतं की नखाने उघडतं, एवढं आजच बघावं.

दुसरा प्रकार चार्जिंगच्या बॅटरीचा. शहरात उत्तम. रोज वापरणारा रिक्षावाला, रात्रपाळीचा वॉचमन यांनाही उत्तम. मोबाईलच्या वायरवर चार्ज होते आणि सेलचा खर्च वाचतो. पण मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. मोबाईल झोपले, तशा चार्जिंगच्या बॅटऱ्याही झोपल्या. ज्या दिवशी उजेडाची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी ही बॅटरी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघते. शिवाय बहुतेक छोट्या बॅटऱ्यांत आतला सेल बदलता येत नाही. दोनचार वर्षांत त्याचा दम कमी झाला की सगळी वस्तूच टाकायची.

म्हणून माझी पसंती तिसऱ्या प्रकाराला आहे. एक ट्रिपल-ए सेल, म्हणजे दुकानात ज्याला ‘रिमोटचा सेल’ म्हणतात तो, घालायची धातूची बारीक नळी. हा सेल कुडाळच्या बाजारात मिळतो, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतो. दुकान बंद असेल तर टीव्हीच्या रिमोटमधून काढून घेता येतो. मंद पायरीवर तो कित्येक तास चालतो. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. वापर नसेल तर सेल काढून ठेवायचा, नाहीतर तो गळतो आणि आत पांढरी पूड धरून बॅटरी कायमची जाते. एव्हरेडीची ‘जीवनसाथी’ ज्यांच्या घरात होती त्यांना ही पूड चांगलीच आठवत असेल.

बटणाचं थोडक्यात सांगतो. डोकं पिळून लावायची बॅटरी खिशात आपोआप पेटत नाही, पण तिला बऱ्याचदा दोन हात लागतात. वुजूच्या ओल्या हातांनी किंवा संधिवाताच्या बोटांनी ती पिळताही येत नाही. म्हाताऱ्या माणसांना शेपटाकडे दाबायचं बटण असलेलीच द्यावी. पाण्याबद्दल म्हणाल तर पाकिटावर ‘आयपीएक्स ४’ असेल तर शिंतोडे सोसते, ‘आयपीएक्स ७’ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते. आमच्या पावसाला चारवर भागत नाही.

‘मोबाईल आहे ना’ या म्हणण्याचं खरं उत्तर माझ्या वर्गात बसलेलं असतं. तिथल्या बहुतेक मुलांकडे स्वतःचा मोबाईल नसतो, आणि नसावाच. घरात मोबाईल एक-दोन, ते मोठ्यांच्या खिशात. मगरिबनंतर अरबी शिकून परतणारी मुलं, क्लासहून येणारी मुलगी, सहेरीच्या आधी मांगरातून लाकडं आणायला जाणारी आई, रात्री परसात जाणारी आजी, ही सगळी त्या मोबाईलच्या उजेडाबाहेरची माणसं आहेत. बॅटरी मात्र घरात सगळ्यात आधी बापाच्या मोटारसायकलच्या किल्लीला लागते, जिला मुळात हेडलाइट आहे. हा क्रम मला उलटा हवा आहे. आधी मुलांचं दप्तर, मग आईच्या किल्ल्या, मग आजीच्या उशाशी दोरीने बांधून, आणि बाप शेवटी.

घेताना दुकानातल्या भिंतीवर झोत मारून पाहू नका, भिंतीवर सगळ्याच बॅटऱ्या छान दिसतात. काउंटरच्या खाली, फरशीवर, तिरका उजेड टाका आणि तिथला कचरा किती स्पष्ट दिसतो ते बघा. मग आपला तळहात उजेडात धरा. कातडीचा रंग मेल्यासारखा दिसत असेल तर दुसरी दाखवायला सांगा. सेल तिथेच एकदा काढून पुन्हा घालून पाहा. बरोबर दोन जास्तीचे सेल घ्या, आणि दरवर्षी मृगाचा पाऊस लागायच्या आधी घरातल्या सगळ्या बॅटऱ्यांचे सेल बदलून टाका. जुने रिमोटला चालतात.