लेबलाजवळचा त्रिकोण
उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्दर्न सोल संगीताच्या क्लबांत 1960च्या दशकातल्या, अमेरिकेत न खपलेल्या तबकड्यांना फार मान मिळाला. दुसऱ्यांना सुगावा लागू नये म्हणून डीजे लेबलावर कागद चिकटवून गायकाचे खोटेच नाव सांगत. फ्रँक विल्सनची 1965ची ‘डू आय लव्ह यू’ अशीच एडी फॉस्टरच्या नावावर वाजली. तिच्या मूळ प्रती मोजक्याच. 2009मध्ये त्यातली एक प्रत 25 हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. पण या नादातले मोलाचे काम म्हणजे खऱ्या गायकाला त्याचे नाव परत मिळवून देणे. त्यासाठी तबकडी उजेडात तिरकी धरली, की लेबलाजवळच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे साच्याची ओळख सांगणारा क्रमांक, दिसतो. शेजारी इवलासा त्रिकोण आणि आकडे असले, तर तबकडी बहुधा लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातली. त्या आकड्यांवरून ती निघाल्याचा काळही ठरवता येतो.