हप्त्याच्या ॲपचं ‘बरोबर उत्तर’ कुणी ठरवायचं?

वर्ध्यात फ्रिज, शिलाई मशीन हप्त्याने विकणारे काही दुकानदार हिशेबासाठी ॲप बनवून घेतात. बनवणारा सांगतो, "काका, सगळ्या टेस्ट पास!" त्याला एकच विचारा: टेस्टमध्ये बरोबर उत्तर म्हणून लिहिलेला आकडा आणला कुठून? ॲपनेच दिलेला आकडा तिथे चिकटवला असेल, तर टेस्ट पास होणारच ना! हिंगणघाटच्या कापूस बाजारातला काटा प्रमाणित वजन ठेवून तपासतात. त्याच काट्यावर मोजलेलं पोतं परत ठेवून नाही.

आता आकडे बघा. १ लाख रुपये, वर्षाला १२ टक्के, १२ हप्ते. घटत्या शिलकीवर हप्ता ८,८८४.८८ रुपये. फ्लॅट दराने ९,३३३.३३. वर्षाचा फरक ५,३८१ रुपये! म्हणजे पावतीवर १२ टक्के लिहून, घटत्या शिलकीच्या हिशेबाने तुम्ही साडेएकवीसच्या आसपास घेताय. गिऱ्हाईक भांडायला दुकानात येईल, ॲपवाल्याकडे नाही.

माझं मत असं, की टेस्टचे आकडे दुकानदारानेच द्यावेत. एकच हप्ता असेल तर १,०१,०००, हे तोंडी येतं. दोन असतील तर ५०,७५१.२४. वहीत उतरवा: पहिलं व्याज १,०००, हप्ता वजा जाता शिल्लक ५०,२४८.७६, त्यावर व्याज ५०२.४९. शेवटी १ पैसा उरतो, तो शेवटच्या हप्त्यात टाका. बारा हप्त्यांचा आकडा एक्सेलच्या पीएमटीने पडताळा. आणि दिवाळीची शून्य टक्के ऑफर विसरू नका, तिथे नेहमीच्या सूत्रात शून्याने भागावं लागतं.