जूनमधला ओढा आणि आपली सहल

आपल्या मराठी वर्गाची उन्हाळी सहल यंदा जूनच्या पहिल्या शनिवारी बोल्डर कॅन्यनमध्ये न्यावी आणि मोठ्या मुलांना कॉब रॉकवर चढू द्यावे, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. काहींनी लगेच दुसरे टोक गाठले : मुलांना कड्यावर नेऊच नका! आम्हाला ही दोन्ही मते पटत नाहीत. चढाई अवश्य व्हावी. मुलांना दोर, हार्नेस आणि उंची यांची ओळख व्हावी, हे आम्हालाही हवे आहे. पण जूनच्या पहिल्या शनिवारी ओढ्यापलीकडच्या कड्यावर नको. आमची भीती कड्याची नाही, त्याच्या वाटेवरच्या पाण्याची आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मुंबईच्या माणसाला क्रीक म्हटले की ठाण्याची खाडी आठवते. कोलोरॅडोत क्रीक म्हणजे डोंगरातून धावत येणारा ओढा, आणि त्यातले काही मे-जूनमध्ये आपल्याकडच्या नदीलाही लाजवतील असे. बोल्डर क्रीक त्यातलाच. नेडरलँडकडून बोल्डर गावात उतरणारा ११९ क्रमांकाचा रस्ता आणि हा ओढा एकाच अरुंद घळीतून शेजारी शेजारी येतात. कडे दोन्ही बाजूंना आहेत. रस्त्याच्या बाजूचा कडा असला तर गाडीतून उतरायचे आणि चढायला लागायचे. कॉब रॉक मात्र पलीकडे आहे, म्हणजे आधी ओढा ओलांडणे आले. उन्हाळा संपता संपता पाणी ओसरते, तेव्हा जागा पाहून पलीकडे जाता येते. ज्यांनी हा ओढा फक्त सप्टेंबरात पाहिला आहे, त्यांना जूनमधला तोच ओढा सांगूनही खरा वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्यातले बरेच आईबाबा कॉलेजात असताना सह्याद्रीत भटकलेले आहेत. भर पावसात राजमाची, हरिश्चंद्रगड केलेली मंडळी आहेत, आणि 'आम्ही असे किती ओढे ओलांडले' हे वाक्य चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर हमखास येते. तो अनुभव खोटा नाही. पण इथे तो नेमका उलटा लागू पडतो. सह्याद्रीत ओढा पावसाने फुगतो. वरच्या पठारावर सर कोसळली की बघता बघता पाणी चढते, आणि पाऊस थांबला की काही तासांत उतरतेही. म्हणून तिथे 'जरा थांबू, उतरेल' हे शहाणपणाचे बोलणे. कोलोरॅडोत मे-जूनचे पाणी येते ते वितळणाऱ्या बर्फाचे. आकाश निळेभोर, ऊन लख्ख, पावसाचा थेंब नाही, आणि ओढा चढतोच आहे! ऊन जितके कडक तितके पाणी जास्त. बर्फाजवळच्या ओढ्याला सकाळी ओहोटी आणि दुपारनंतर भरती. सकाळी आठला पोटरीभर पाण्यातून हसत हसत गेलेली मंडळी संध्याकाळी पाचला दमून परत येतात, तेव्हा तेच पाणी मांडीला लागलेले असू शकते. जाताना ओलांडला म्हणजे येताना ओलांडता येईलच, असे नाही.

त्यातही एक पोटनियम आहे. बर्फ दुपारी वितळले तरी ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो. त्यामुळे डोंगराच्या पायथ्याशी, उदाहरणार्थ गोल्डन गावाजवळ क्लिअर क्रीकला, दिवसाचे सर्वांत जास्त पाणी रात्री किंवा पहाटेसुद्धा येऊ शकते. म्हणजे 'सकाळी लवकर गेले की झाले' हेही सगळीकडे चालत नाही. यावर उपाय सोपा आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची मापनकेंद्रे अनेक ओढ्यांवर आहेत आणि त्यांचे आकडे घरबसल्या पाहता येतात. आकडा 'सेकंदाला इतके घनफूट' असा असतो. एक घनफूट पाणी म्हणजे साधारण २८ किलो. ५०० आकडा दिसला तर आपल्यासमोरून दर सेकंदाला सुमारे १४ टन पाणी जात आहे, असे समजावे. आलेखात रोजची भरती-ओहोटी करवतीच्या दातांसारखी स्पष्ट दिसते. सहलीआधी आठवडाभर मुलांनीच तो आलेख वहीत काढावा, असे आम्हाला वाटते. गणिताचा गृहपाठही होईल.

मुलांनो, गणित निघालेच आहे तर आणखी एक करून पाहा. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. पाणी मांडीपर्यंत, म्हणजे दोन फूट खोल आहे आणि सेकंदाला एक मीटर वेगाने वाहते आहे असे धरा. मोठ्या माणसाच्या दोन पायांवर साधारण १० किलोचा रेटा येईल. वेग दुप्पट झाला तर २० नव्हे, ४० किलो. तिप्पट झाला तर ९०! शिवाय पाणी अंगाला वर उचलते, त्यामुळे पायांची पकडही कमी होते. बाबा जिथे उभे राहू शकतात तिथे तुम्ही राहू शकाल असे मुळीच नाही. तुमची मांडी म्हणजे त्यांचा गुडघा. आणि हे पाणी काल-परवापर्यंत बर्फ होते. त्यात अचानक पडले की पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो, मग तोंड पाण्यात असो वा बाहेर. थोड्याच मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. तरणतलावात पदक मिळवलेल्यांनीही हे लक्षात ठेवावे.

ओलांडण्याची रीतही सह्याद्रीतल्या सवयीहून वेगळी आहे. आपली आवडती पद्धत म्हणजे हातात हात घालून ओढ्यात आडवी साखळी करायची. तिच्यात एकाचा पाय सुटला की दोन्ही शेजाऱ्यांना हिसका बसतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एक कुटुंब एकमेकांना घट्ट धरून प्रवाहाच्या मधोमध उभे होते. पाणी वाढत गेले आणि त्यातली पाच माणसे प्राणाला मुकली. धरून राहण्यात त्यांची कसूर नव्हती, रेटाच माणसांच्या ताकदीबाहेरचा होता. जाणकार सांगतात ती पद्धत अशी : रांग प्रवाहाला समांतर धरायची, सर्वांत दणकट माणूस वरच्या अंगाला, प्रत्येकाने शेजाऱ्याची सॅक किंवा कंबर पक्की धरायची आणि सगळ्यांनी एकदम पुढे सरकायचे. पहिला माणूस पाणी फोडतो, मागच्यांना आडोसा मिळतो. एकटा असेल तर त्याने काठी वरच्या अंगाला रोवावी, तोंड प्रवाहाकडे करावे आणि एका वेळी एकच आधार हलवावा. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा आधी सोडावा, म्हणजे पडल्यास ती झटकून टाकता येते. बूट काढू नयेत. ओल्या बुटांची कुरकुर परवडली, पण अनवाणी पाय दगडांच्या फटीत अडकला आणि मागून पाण्याने ढकलले तर माणूस गुडघाभर पाण्यातही बुडतो. जागा निवडताना अरुंद नव्हे, रुंद पात्र पाहावे. अरुंद जागी उडी छोटी वाटते, पण पाणी तिथेच खोल आणि वेगवान असते. आणि खाली पन्नास पावलांवर काय आहे ते आधी पाहून यावे. धबधबा किंवा आडवे पडलेले झाड असेल तर ती जागा सोडावी. झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जाते, माणूस अडकतो.

चढाईवाल्यांना एक जास्तीचा मोह असतो, कारण त्यांच्याकडे दोर असतो. मग कोणीतरी सुचवतोच, 'कमरेला बांधू या की, काठावरून धरतो.' हे कधीही करू नये. वाहत्या पाण्यात दोर ताठ झाला की पाणी माणसाला खाली दाबते, आणि काठावरचा जितके घट्ट धरील तितका तो खाली जातो.

बोल्डर आणि क्लिअर क्रीकच्या घळींत काही ठिकाणी ओढ्यावर आडवे दोर कायमचे ताणलेले दिसतात. हार्नेस अडकवून, लोंबकळत, हातांनी ओढत पलीकडे जायचे. मुलांना ते जत्रेतल्या पाळण्यासारखे वाटणार. पण दोर कोणी, कधी बांधला आणि उन्हात किती उन्हाळे वाळला, याचा जबाब द्यायला तिथे कोणी नसते. जितका ताठ दोर तितका ताण जास्त : मध्यभागी लटकलेल्या माणसामुळे दोर दोन्ही बाजूंना ५ अंशच कलत असेल तर ताण वजनाच्या पावणेसहा पट होतो. ६० किलोच्या माणसाला सुमारे ३४५ किलो! सैल सोडावा तर मधोमध माणूस पाण्याला टेकतो, तोही अडकवलेल्या अवस्थेत. सरावलेल्या चढाईपटूंनी स्वतः तपासून काय करायचे ते करावे. आपल्या सहलीत त्याला जागा नाही.

पण ही सगळी तंत्रे माहीत असूनही अपघात का होतात? आमच्या मते तंत्रापेक्षा भिडेमुळे. गाड्या दूर लावलेल्या, डबे बांधून आणलेले, चार कुटुंबे पलीकडे पोचलेली. अशा वेळी मागे फिरू म्हणायला कोण धजावेल? त्यात आपली मुले. काका म्हणाले 'चल रे, काही होत नाही' की ती मुकाट्याने पाण्यात उतरतात. काका-मावशींचे ऐकावे हे आपणच त्यांना शिकवले आहे आणि ते चांगलेच शिकवले आहे. मात्र ओढ्याच्या काठावर हा नियम गुंडाळून ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथे सर्वांत लहान मुलानेही 'मला नको' म्हटले की सगळे परत. कारण विचारायचे नाही, समजूत घालायची नाही, गाडीत त्यावरून चिडवायचेही नाही. हे सहलीच्या आदल्या आठवड्यात वर्गात सर्वांसमोर सांगावे, आणि मोठ्यांनी सांगावे. नाहीतर मुलांना ते खरे वाटणार नाही.

कोणी म्हणेल, मग पाऊस आला तर? तोही प्रश्न खरा आहे. ३१ जुलै १९७६ रोजी बिग थॉम्पसन घळीत ढगफुटीने १४० हून अधिक माणसे गेली. सप्टेंबर २०१३ मध्ये बोल्डरला आठवड्याभरात सुमारे १७ इंच पाऊस पडला, म्हणजे जवळजवळ वर्षाचा. बिग थॉम्पसननंतर कोलोरॅडोच्या घळींतून पाट्या लागल्या आहेत : पूर आल्यास गाडी सोडा, डोंगर चढा. दुपारी ढग जमू लागले की आवराआवर करावी, आणि या पाट्या मुलांना जाता जाता वाचून दाखवाव्यात.

तेव्हा आमची सूचना अशी. जूनमध्येच जायचे असेल तर एल्डोरॅडो कॅन्यनला जावे. तिथे बॅस्टिलचा कडा रस्त्याला लागून आहे, आणि साउथ बोल्डर क्रीकवर पादचारी पूल असल्याने पलीकडच्या कड्यांनाही कोरड्या पायांनी जाता येते. मुलांना झेपेल असा कोणता भाग, ते आपल्यातल्या चढाई येणाऱ्यांनी आधी जाऊन पाहावे. कॉब रॉकच हवा असेल तर सप्टेंबरपर्यंत थांबावे, आणि तेव्हाही आलेख पाहूनच निघावे.

ओढा ओलांडण्याचा सराव मात्र आत्ताच, वर्गामागच्या हिरवळीवर, कोरड्यात करता येईल. पुढच्या शनिवारी मोठ्या गटातल्या मुलांनी कमरेचा पट्टा असलेली सॅक आणि घरात असेल ती काठी घेऊन यावे. काठी नसल्यास झाडूचा दांडा चालेल. पालकांनीही थांबावे. रांगेत वरच्या अंगाला उभे राहायला दणकट माणसे लागणार आहेत.