ओट्याला ॲसिड मारणं बंद करा!

घराचं काम संपलं की फरशीवाला जाता जाता सांगतो, "डाग पडले तर ॲसिड मारा, चकाचक होतं." त्याच्या या एका वाक्यावर आपल्याकडची कितीतरी स्वयंपाकघरं चालली आहेत. दोन वर्षांत ओटा पांढुरका पडला की बोल मात्र घरातल्या बाईला, "नीट घासत नाहीस!"

मुळात ओटा कोणत्या दगडाचा आहे, हे तरी कुणी सांगतं का? कडप्पा आणि शहाबादी म्हणजे चुनखडक. संगमरवर त्याच कुळातला. त्यावर ॲसिड टाकल्यावर जो फेस येतो, त्याला आपण मळ निघाला असं समजतो. मंडळी, तो दगड विरघळत असतो! पॉलिश जातं, दगड खडबडीत होतो, हळद-तेल आणखी आत मुरतं. मग आपण आणखी ॲसिड आणतो.

ग्रॅनाइट दणकट आहे, मान्य. पण फिकट रंगाचा ग्रॅनाइट तेल पितो. आणि ॲसिड सांध्यातलं सिमेंट खातं, स्टीलचं सिंकही खराब करतं.

खरा उपाय सीलरचा. दगडाच्या बारीक छिद्रांत तो मुरतो आणि डाग आत जाऊ देत नाही. तुमच्या ओट्याला गरज आहे का, ते बघायला खर्च शून्य. कोरड्या ओट्यावर पाण्याचे चार थेंब टाका. दहा-पंधरा मिनिटांत खालचा दगड काळपट झाला तर सीलर हवा. संगमरवर आणि कडप्प्याला मात्र सीलर लावला तरी लिंबू, चिंच, व्हिनेगर लगेच पुसा. रोजच्या सफाईला भांड्यांच्या साबणाचं सौम्य पाणी आणि मऊ फडकं पुरतं. तेलाचा डाग असेल तर खायच्या सोड्याची लगदी लावून रात्रभर झाकून ठेवा.

आता मुद्द्याचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये, लक्ष्मी यांच्या याचिकेवर, ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विकणाऱ्यानं नोंदवही ठेवायची, ओळखपत्र बघायचं, कशासाठी हवं ते लिहून घ्यायचं, १८ वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही. मोडलं तर ५० हजारांपर्यंत दंड. हा आदेश कुणाच्या जळालेल्या चेहऱ्यामुळे आला, ते विसरू नका.

मी आपल्या बाजारात चार ठिकाणी ॲसिड मागून बघितलं. चारही ठिकाणी मिळालं. एकानंही नाव विचारलं नाही. एका ठिकाणी तर पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून दिलं, वर चिठ्ठी नाही, झाकण ढिलं. हीच बाटली घरी सिंकखाली उभी राहते, रांगत्या पोराच्या हाताशी. कुणी त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन वायू होतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेततो.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. प्रशासनानं दुकानांतल्या नोंदवह्या तपासाव्यात, आणि दिवाळीच्या साफसफाईआधी तपासाव्यात. बिल्डर आणि ठेकेदारांनी दगड कोणता आणि सीलर लावला की नाही, हे बिलावर लिहून द्यावं. लाखांचं काम करून घेता, एवढं लिहायला हात का थरथरतो?

आणि आपण? पुढच्या वेळी कुणी "ॲसिड मारा" म्हणाला, तर त्याला एकच विचारा, "तुझ्या घरच्या ओट्यावर मारतोस का?"

पटलं तर शेअर करा. तुमच्या भागात सुटं ॲसिड कसं विकलं जातं, तेही खाली लिहा.