विद्यापीठाचा संगीत-संचालक

विद्यापीठात संगीताचे काय काम, हा प्रश्न अंदाजपत्रकाला कात्री लावण्याची वेळ आली की हमखास निघतो. पदवीदानाला स्तवन आणि स्नेहसंमेलनाला वाद्यवृंद एवढीच संगीताची गरज मानणाऱ्यांना तो रास्तही वाटतो. जर्मनीतील हाले येथील दानिएल गॉटलोब ट्यूर्क याची कारकीर्द त्यांनी अवश्य पाहावी.

ट्यूर्कचा जन्म १७५० सालचा. ड्रेस्डेन व लाइपझिग येथे शिक्षण घेऊन १७७४ मध्ये तो हालेच्या एका चर्चमध्ये संगीतप्रमुख म्हणून आला. १७७९ साली विद्यापीठाने त्याला संगीत-संचालक नेमले आणि १७८७ पासून गावच्या मुख्य चर्चमधील ऑर्गनही त्याच्याकडे आला. याच चर्चच्या एका पूर्वीच्या ऑर्गनवादकाकडे बालपणी हँडेलने धडे घेतले होते. त्या हँडेलचा ‘मसाया’ त्याच्या जन्मगावी १८०३ मध्ये ऐकवला तो ट्यूर्कने.

संगीतकार म्हणून तो पहिल्या पंक्तीतला नव्हता, हे मान्य केले पाहिजे. त्याचे मोठेपण आहे ते १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या क्लाव्हियर-वादनाच्या पाठ्यग्रंथात. चारशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ बोटे कोणती व कोठे ठेवावीत, येथून सुरू होतो. पण तेथे थांबत नाही. स्वरवाक्य कोठे संपते हे ज्याला कळत नाही त्याचे वादन कितीही चपळ असले तरी निरर्थक, असे ट्यूर्कचे प्रतिपादन आहे. त्यासाठी त्याने दिलेला दाखला कोणत्याही भाषाशिक्षकाला आवडावा असा आहे. जर्मन भाषेतील एकाच वाक्यातला स्वल्पविराम एका शब्दाने पुढे सरकवला, की गोष्टीतला माणूस प्राणास मुकण्याऐवजी केवळ मालमत्तेला मुकतो! विरामचिन्हांची हेळसांड करणाऱ्या कारकुनालाही याचे मर्म सांगावे लागणार नाही. वादन हे अर्थपूर्ण वाचन आहे, असे मानणारा माणूस विद्यापीठात उपरा कसा ठरतो?

असे ग्रंथ खाजगी शिक्षकही लिहू शकतो, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु विद्यापीठातील संचालकाचा संबंध केवळ होतकरू वादकांशी येत नाही. हालेत धर्मशास्त्राचे विद्यार्थी मोठ्या संख्येने असत आणि त्यांतील अनेक पुढे गावोगावच्या चर्चमध्ये व शाळांत जात. अशा ठिकाणी संगीताची व्याख्याने देणे व मैफली उभ्या करणे याचा परिणाम वेगळाच असतो, आणि तो जमाखर्चाच्या वहीत दिसत नाही.

१८०६ मध्ये नेपोलियनने हाले जिंकल्यावर विद्यापीठच बंद केले. अशा वेळी संगीत-संचालक हे पद पुन्हा भरले नसते तरी कोणाला नवल वाटले नसते. घडले उलट. १८०८ साली विद्यापीठ पुन्हा उघडले तेव्हा ट्यूर्कला सन्मान्य डॉक्टरेट मिळाली आणि संगीतशास्त्राचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. अखेरच्या वर्षांत त्याच्याकडे शिकणाऱ्यांत कार्ल लोवे हा मुलगा होता. १८१३ मध्ये ट्यूर्क वारला तेव्हा लोवे अवघा सोळा वर्षांचा होता. पुढे कथागीतांचा रचनाकार म्हणून तो नावारूपाला आला. पण पोटासाठी त्याने चार दशकांहून अधिक काळ स्टेटिन शहरात केले ते गुरूचेच काम. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणे, शाळेत शिकवणे आणि शहराच्या संगीताचे संचालन.