मोडीत निघण्यापूर्वी : घरातल्या जुन्या वस्तूचे मूल्य नेमके कशात असते?

१/ युद्धात, आगीत, पुरात इतिहासाची साधने नष्ट होतात, हे सर्वांना ठाऊक असते. ती गाजावाजा न होता नष्ट होण्याचे प्रसंग मात्र अगदी घरगुती असतात : दिवाळीची आवराआवर, वाड्याचा पुनर्विकास आणि भावंडांतली वाटणी. या तिन्ही वेळी माळ्यावरची पेटी खाली उतरते आणि घरात एकच प्रश्न विचारला जातो, ‘याचे किती येतील?’ हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

२/ प्रश्न मुळात गैर नाही. वडिलोपार्जित वस्तू विकणे हे पाप नव्हे. शिक्षणाला, औषधपाण्याला, डोक्यावरच्या छपराला पैसा लागतो आणि पूर्वजांनीही अडीअडचणीला दागिने मोडलेच होते. हरकत आहे ती प्रश्नाच्या वेळेला. वस्तू काय आहे, कोणाची होती, घरात कशी आली, हे लिहून ठेवण्याआधी किंमत विचारली, की उत्तर बहुधा वजनकाट्यावरच मिळते.

३/ वारशाच्या वस्तूचे थोडे मूल्य तिच्या धातूत असते, थोडे वयात आणि सर्वांत अधिक तिच्याशी जोडलेल्या पुराव्यात. नाव, गाव, साल, पत्र, पावती, छायाचित्र, आजीने सांगितलेली हकीकत : हा सांधा शाबूत असेल तर पितळेची समईही इतिहासाचे साधन ठरते. तो तुटला, तर चांदीचे तबकसुद्धा केवळ चांदी उरते.

४/ मराठ्यांच्या इतिहासाचा पायाच अशा घरगुती पेट्यांवर उभा आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून घराघरांतली दप्तरे धुंडाळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे थेट पानिपतापर्यंतची पत्रे होती. पुढे या मालेचे २२ खंड झाले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. हे कागद ज्या घरांत टिकले, त्या घरांनी ते रद्दीत घातले असते तर?

५/ कागदांसाठी राजवाड्यांनी जे केले, ते वस्तूंसाठी दिनकर केळकर यांनी केले. दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातली भांडी, दारांच्या चौकटी असे रोजच्या वापरातले जिन्नस त्यांनी आयुष्यभर जमवले. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा केलेला हा संग्रह १९७५ मध्ये त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यातल्या कित्येक वस्तू त्यांच्या मूळ मालकांच्या लेखी अडगळ असतील. संग्रहालयात त्याच वस्तू मराठी माणसाचे घर कसे चालत होते ते सांगतात.

६/ आता ओळख पटवण्याकडे. पहिला गैरसमज असा की जुने ते सारे दुर्मीळ. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली तांब्याची शिवराई हे याचे उत्तम उदाहरण. शिवाजी महाराजांनंतरही दीर्घकाळ, पेशवाईत आणि तिच्या अस्तानंतरही, शिवराया पाडल्या जात होत्या. त्यामुळे घरात सापडलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. अक्षरांची वळणे, ‘पति’ की ‘पती’, मागच्या बाजूची दांडी एक की दोन, अशा खुणांवरून अभ्यासक तिचा काळ ठरवतात. दुर्मीळ असतो तो सोन्याचा शिवराई होन. सामान्य शिवराई आजही माफक दरात मिळते. त्याने तिचे ऐतिहासिक महत्त्व कमी होत नाही, फक्त लखपती होण्याचे स्वप्न तेवढे मावळते.

७/ दुसरा गैरसमज : नाण्यावर छापलेले साल म्हणजे नाण्याचे वय. ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘१८१८’, ‘एक आणा’ अशी अक्षरे आणि रामदरबार किंवा हनुमान यांचे चित्र असलेली तांबड्या धातूची नाणी अनेक देवघरांत श्रद्धेने ठेवलेली दिसतात. कंपनीच्या टाकसाळीने असे नाणे कधीच पाडले नव्हते. या आधुनिक काळात बनवलेल्या मुद्रा आहेत. त्यांची पूजा जरूर करावी. त्यांच्यासाठी हजारो रुपये मोजू नयेत. कंपनीच्या अस्सल रुपयाला निश्चित वजन असते : १८३५ पासूनचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा. सराफाच्या काट्यावर त्यात मोठी तफावत दिसली, तर शंका घ्यावी.

८/ याहून धोकादायक प्रकार ‘राईस पुलर’चा. जुन्या तांब्याच्या भांड्यात तांदूळ ओढून घेण्याची दैवी शक्ती असून परदेशी संस्था त्याचे कोट्यवधी रुपये देतात, अशी थाप मारून लोकांना लुबाडल्याचे गुन्हे देशभर नोंदले गेले आहेत. जुन्या भांड्याचे मोल चमत्कारात शोधणारा माणूस आधी ‘तपासणी शुल्क’ मागतो. तिथेच बोलणे थांबवावे.

९/ चित्रांच्या बाबतीतली गल्लत वेगळी. ‘आमच्याकडे रवि वर्म्याचे मूळ चित्र आहे’ हे वाक्य पुष्कळ घरांत ऐकू येते. बहुतेक वेळा ते शिळाछापाचे रंगीत मुद्रण असते. रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून देवदेवतांची चित्रे घरोघरी पोहोचली. पुण्याचा चित्रशाळा छापखाना त्याहून आधीचा, १८७८चा. भिंग धरून पाहिले तर शिळाछापात अनियमित, हाताने काढल्यासारखे ठिपके दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. तैलचित्रात कुंचल्याचे फराटे आणि रंगाचा थर जाणवतो.

१०/ चित्राखालच्या कोऱ्या पट्टीत अनेकदा छापखान्याचे आणि चित्राचे नाव छापलेले असते. नवी चौकट करताना नेमकी तीच पट्टी कापली जाते आणि ओळखीचा सर्वांत सोपा पुरावा कचऱ्यात जातो. काही घरांतल्या लक्ष्मी-सरस्वतींना बायकांनी जर, टिकल्या, कापडाचे तुकडे लावून सजवलेले असते. ते ‘मूळ रूपात’ आणण्यासाठी खरवडून काढू नये. छापील देवीला घरची देवी करणारे ते हात हाही इतिहासच आहे.

११/ पेटीतला सर्वांत मोलाचा जिन्नस पुष्कळदा सर्वांत आधी फेकला जातो : मोडी कागद. घरात कोणाला वाचता येत नाही, म्हणून तो निरुपयोगी ठरतो. वास्तविक त्याची पहिली ओळख तारखेपासून सुरू करता येते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे शब्द ओळखता आले, तर एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१ हा सुहूर सन निघतो. त्यात ५९९ मिळवले की येते १७६०. हे वर्ष उन्हाळ्याच्या अखेरीस, मृग नक्षत्राच्या सुमारास बदलत असल्याने पुढच्या जानेवारीतले पानिपतही याच सनात पडते. नुसती तारीख लागली, तरी रद्दी वाटणारा कागद एकदम बोलू लागतो.

१२/ पेशवेकालीन अधिकृत पत्रांत शेवटी ‘लेखनसीमा’ किंवा ‘मोर्तब सुद’ असा शिक्का आढळतो. शिक्का नाही म्हणून कागद खोटा असे मात्र नव्हे. जुन्या काळी महत्त्वाच्या पत्रांच्या नकला करून ठेवत. १८५० नंतरच्या दशकात इनाम कमिशनपुढे घराण्यांना आपले हक्क सिद्ध करावे लागले, तेव्हा सनदांना केवढे महत्त्व आले असेल, याची कल्पना करता येते. वतनाच्या वादांत बनावट कागदही तयार होत. म्हणून खरा, नक्कल की बनावट, हा निवाडा जाणकारावर सोडावा. चांगली नक्कलही मूळ हरवले असेल तर अनमोल असते, आणि बनावट कागद वतनासाठी माणसे काय काय करत ते सांगतो.

१३/ घराण्याच्या दंतकथांनाही हाच न्याय लावावा. ‘ही तलवार खुद्द पेशव्यांनी दिली’ हे खरे असू शकते, पण त्याला कागदाचा, कुलवृत्तान्ताचा किंवा दुसऱ्या शाखेच्या स्वतंत्र माहितीचा आधार हवा. पात्यावर युरोपीय अक्षरे दिसली म्हणून पातेही युरोपीयच, असे मानू नये. नामवंत कारागिरांची नावे नकली पात्यांवरही कोरली जात. मात्र कथा सिद्ध झाली नाही म्हणून ती पुसूनही टाकू नये. ‘घरात असे सांगतात’ एवढेच लिहावे. काय सिद्ध आहे आणि काय ऐकीव आहे, हे वेगळे ठेवणे हीच इतिहासाची पहिली शिस्त.

१४/ या साऱ्यात सर्वाधिक अन्याय होतो तो भांड्यांवर. तांब्या-पितळेच्या घागरी, परातींवर देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख कोरलेली असते. सनदा, सातबारा, वंशावळी यांत पुरुषांची नावे ठळक असतात. घरातल्या बायका तिथे क्वचितच भेटतात. पणजीच्या लग्नात आलेल्या परातीवरचे नाव हाच काही घरांत तिच्या नावाचा एकमेव लेखी पुरावा असतो. ती परात मोडीत देऊन स्टीलचा डबा घेतला, तर जाते ते केवळ पितळ नव्हे. निदान त्या अक्षरांचे छायाचित्र तरी आधी घ्यावे.

१५/ नुकसान बहुधा प्रेमापोटी होते. नाणे चिंच-लिंबाने घासून चकचकीत केले की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत घसरते. काळाने चढवलेला तो थर पुन्हा येत नाही. कागदांना चिकटपट्टी लावू नये, त्यांना प्लॅस्टिकचे लॅमिनेशन करू नये, वाळवण्यासाठी उन्हात पसरू नये. जुन्या मूर्तीला ऑइलपेंट देऊ नये. काय करावे हे कळत नसेल, तेव्हा काहीही न करणे हाच उत्तम उपाय.

१६/ मग किंमत? ती एक नसून तीन असतात. पहिली मोडीची : धातूचे वजन गुणिले दर. दुसरी बाजाराची : जाणकार ग्राहक आज प्रत्यक्ष जी देईल ती. तिसरी विम्याची : तशीच वस्तू पुन्हा मिळवायला लागेल ती, जी सहसा बाजारभावाहून अधिक असते. वाटणीत भांडणे होतात ती पुष्कळदा एक भाऊ पहिली आणि दुसरा तिसरी किंमत मनात धरून बसल्यामुळे. इंटरनेटवर कोणीही मागितलेला आकडा म्हणजे भाव नव्हे. लिलावात प्रत्यक्ष विक्री झालेला आकडा पाहावा. आणि किंमत ठरवणारा तोच विकत घेणारा नसावा.

१७/ वाटणी करताना संच फोडू नये, हे दुसरे पथ्य. पत्रे एकाकडे, पेटी दुसरीकडे, छायाचित्रे तिसरीकडे गेली की एका पिढीत त्यांचा परस्परसंबंध कोणालाच आठवत नाही. वाटायचेच असेल, तर आधी सर्व वस्तू एकत्र ठेवून छायाचित्रे घ्यावीत, क्रमांक द्यावेत आणि यादीची प्रत प्रत्येक घरी ठेवावी.

१८/ कायदाही माहीत हवा. १९७२चा पुरावशेष व बहुमोल कलाकृती कायदा १९७६ मध्ये अमलात आला. त्यानुसार साधारणपणे १०० वर्षे जुनी वस्तू, आणि ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाचे हस्तलिखित ७५ वर्षांचे असले तरी, पुरावशेष ठरते. अशी वस्तू घरात ठेवता येते. मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी मात्र करावी लागते. खासगी व्यक्तीला ती परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतल्या नातवाच्या बॅगेत पूर्वजांची मूर्ती घालणे हा जिव्हाळा कायद्याच्या दृष्टीने गुन्हा ठरू शकतो. वाड्याच्या पायात पुरलेला ऐवज सापडला, तर १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

१९/ नोंद करायला फार विद्वत्ता लागत नाही. वस्तूचे चहूबाजूंनी छायाचित्र, लांबी-रुंदी, वजन, कोरलेली अक्षरे जशीच्या तशी, घरात कोणाकडून आली, हे कोणी आणि कोणत्या तारखेला सांगितले : इतके पुरे. मोडी शिकण्यासाठी राज्य पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग होतात. कागद विकायचे वा द्यायचे असले, तरी त्यांची प्रतिमा आधी काढून ठेवता येते. मूळ कागद संस्थेकडे जावा आणि माहिती घरातही राहावी, यात काहीच विरोध नाही.

२०/ यावर एक रास्त आक्षेप येतो : प्रत्येक घराने स्वतःचे संग्रहालय करावे काय? दोन खोल्यांच्या संसारात घागरींना जागा कुठून आणायची? जागा नसेल तर वस्तू जाऊ द्यावी. तिची ओळख घालवू नये, इतकेच. नोंदीला जागा लागत नाही आणि नोंद असलेली वस्तू विकतानाही अधिक मोलाची ठरते. म्हणजे इतिहासाचे हित आणि घराचे हित इथे एकच आहे.

२१/ घाई आहे ती एकाच गोष्टीची. नाणे आणखी पन्नास वर्षे डब्यात पडून राहील. परात माळ्यावर वाट पाहील. ‘ही कोणाची?’ या प्रश्नाचे उत्तर ज्यांना ठाऊक आहे, ती माणसे मात्र आज ऐंशी-नव्वदीत आहेत. येत्या सुट्टीत पेटी उघडण्यापूर्वी आजी-आजोबांजवळ बसावे आणि त्यांना बोलते करावे. किमतीचा प्रश्न त्यानंतरही विचारता येईल.