सज्जन सुभेदाराची कारकीर्द

रोमन साम्राज्याची तरफदारी करणाऱ्यांना एक साक्षीदार नेहमी हाताशी सापडतो. तो म्हणजे धाकटा प्लिनी. व्हेसुव्हियसचा इ. स. 79 मधील उद्रेक डोळ्यांनी पाहून लिहून ठेवणारा, लाच न खाणारा, आपल्या कोमम गावाला ग्रंथालय बांधून देणारा हा सिनेटर आयुष्याच्या अखेरीस बिथिनिया-पाँटस या प्रांताचा सुभेदार झाला. अधिकारी असावा तर असा, असे त्याच्याकडे बोट दाखवून सांगितले जाते. इंग्रजांच्या आय.सी.एस. परीक्षेत ग्रीक-लॅटिनला मानाचे स्थान होते; तो अभ्यास करून हिंदुस्थानात उतरणाऱ्या साहेबाच्या मनात असाच सुभेदार ठसला असल्यास नवल नाही. प्लिनीच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हाला शंका नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, हा प्रामाणिकपणा कोणाच्या कामी आला?

प्रथम त्याची चढण पाहा. सीरियात लष्करी नोकरी, मग सम्राटाचा क्वेस्टर, ट्रिब्यून, प्रेटर आणि इ. स. 100 मध्ये कॉन्सल. यातील ट्रिब्यूनपद मूळचे सामान्यजनांच्या कैवाराचे. पण सम्राटांच्या राज्यात ते बढतीची एक पायरी होऊन बसले होते. यातील बरीचशी चढण डोमिशियनच्या काळातील आहे. तो जुलमी सम्राट 96 मध्ये मारला गेल्यावर प्लिनीला कंठ फुटला. आपण त्या राजवटीत स्वतःची प्रगती मुद्दाम थांबविली होती, असे त्याने भर सिनेटमध्ये नव्या सम्राटाचे, ट्राजनचे, स्तोत्र गाताना सांगितले. मात्र त्याच्या कारकिर्दीचा शिलालेख निराळे बोलतो. त्यात लष्करी खजिन्याच्या प्रमुखपदाची नोंद आहे आणि बहुतेक इतिहासकार ते पद डोमिशियनच्या शेवटच्या वर्षांतील मानतात. प्लिनीच्या पत्रांत या पदाचा चकार शब्द नाही. राजा कोणताही असो, सज्जनाची बढती चुकत नाही.

त्याच वर्षी, 100 च्या जानेवारीत, मारियस प्रिस्कसचा खटला सिनेटपुढे आला. आफ्रिका प्रांताच्या या सुभेदाराने न्याय विकला होता. तीन लाख सेस्टर्स देऊन एकाने एका सरदाराला हद्दपार करविले आणि त्याच्या सात मित्रांचे जीव घेतले. दुसऱ्याने सात लाख मोजले. त्याबद्दल एका रोमन सरदाराला फटके मारण्यात आले, खाणीत धाडण्यात आले आणि शेवटी तुरुंगात गळा आवळून ठार करण्यात आले. प्रांताच्या बाजूने वकील दोन : प्लिनी आणि इतिहासकार टॅसिटस. प्लिनी जवळजवळ पाच तास बोलला आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या सम्राटाला त्याच्या घशाची काळजी वाटली, हे त्यानेच मोठ्या समाधानाने लिहिले आहे. निकाल काय लागला? प्रिस्कसला इटलीबाहेर काढले आणि ते सात लाख जप्त झाले. ती रक्कम मेलेल्याच्या घरी गेली नाही. ती रोमच्या खजिन्यात जमा झाली. उपहासकार ज्युव्हेनलला यातील विनोद बरोबर कळला होता. हद्दपारीत दिवसाउजेडी मद्य पिणारा प्रिस्कस आणि खटला जिंकूनही रडत बसलेला प्रांत, असे चित्र त्याने रेखाटले आहे.

येथवरची कथा प्लिनीचे भक्त हौसेने सांगतात. पुढची सांगताना त्यांचा आवाज खाली जातो. काही वर्षांतच बिथिनियाच्या लोकांनी आपला माजी सुभेदार ज्युलियस बासस याच्यावर लुटीचा आरोप ठेवला. बाससचे म्हणणे असे की, आपण फक्त वाढदिवसाच्या आणि सणाच्या भेटी घेतल्या. कायद्याने भेटीही निषिद्ध होत्या. त्याचा वकील कोण? प्लिनी! बाससला पैसे परत करावे लागले, पण सिनेटमधील खुर्ची शाबूत राहिली. उलट फिर्याद आणणाऱ्या बिथिनियाच्या पुढाऱ्यावरच कारवाई करावी, अशी सूचना त्या सभेत पुढे आली. त्यानंतर बिथिनियाने दुसऱ्या सुभेदारावर, व्हारेनस रूफसवर, फिर्याद केली. हा व्हारेनस बाससविरुद्ध बिथिनियाचाच वकील होता! त्याच्या बचावाला पुन्हा प्लिनीच उभा राहिला. सिनेटर हा वर्ग होता. आज फिर्यादी, उद्या आरोपी, परवा सुभेदार. माणसे तीच, फक्त बाके बदलत.

या वर्गाचा पैसा कोठून येत होता, हेही प्लिनीच्याच पत्रांत आहे. एका भागातील जमिनीचा त्याचा खंड वर्षाला चार लाख सेस्टर्सच्या वर होता. त्या काळी लीजनच्या साध्या शिपायाचा वर्षाचा पगार बाराशे होता. कुळांची थकबाकी मोठमोठ्या सुटी देऊनही वाढतच जाते, आणि फेडण्याची आशा सुटल्यामुळे ती आलेले पीकच खाऊन टाकतात, अशी त्याची तक्रार आहे. उपाय त्याने शोधला तो बटाईचा : रोख खंडाऐवजी पिकाचा वाटा घ्यायचा आणि खळ्यावर आपली माणसे राखण ठेवायची. गावच्या मुलांच्या पोषणासाठी त्याने पाच लाखांची देणगी दिली, हे खरे आहे. ती मुले स्वतंत्र नागरिकांची होती, गुलामांची नव्हती.

अशा माणसाला ट्राजनने 110 च्या सुमारास त्याच बिथिनियात पाठविले. त्याने शहरांचे हिशेब तपासले. निकोमीडियाने एका जलवाहिनीवर तेहेतीस लाख अठरा हजार सेस्टर्स उधळून ती अर्धवट सोडली होती. निकियाचे नाट्यगृह कोटीच्या वर गिळून खचू लागले होते. स्थानिक धनिकांची ही उधळमाधळ त्याने उजेडात आणली, याचे श्रेय त्याला द्यावेच लागेल. पण सम्राटाच्या आदेशावरून त्याने आणखी एक हुकूम काढला होता, तो म्हणजे संघटनांवर बंदीचा. या बंदीमुळे आपण एकत्र जमणेही सोडले, असे त्याच्यापुढे उभ्या केलेल्या काही ख्रिश्चनांनी सांगितले. तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. सत्य काढण्यासाठी त्याने दोन गुलाम स्त्रियांचा छळ करविला. हाती काय लागले? त्याच्याच मते एक खुळचट श्रद्धा, दुसरे काही नाही.

मग निकोमीडियात आग लागली. कित्येक घरे आणि दोन सार्वजनिक इमारती भस्म झाल्या. शहरात पंप नव्हता, बादलीही नव्हती; लोक नुसते बघत उभे राहिले. कारागिरांपैकी दीडशे जणांचे अग्निशामक पथक काढण्याची परवानगी प्लिनीने भीतभीतच मागितली. कारागिरांशिवाय कोणी शिरणार नाही, एवढ्या थोड्यांवर नजर ठेवणे कठीण नाही, अशी हमीही दिली. ट्राजनने नकार दिला. नाव काहीही द्या, एकत्र आलेली माणसे लवकरच राजकीय मंडळ बनतात, हा त्याचा आक्षेप होता. साधने आणून ठेवावीत, घरमालकांनी आपापली आग विझवावी, गरज पडल्यास बघ्यांना कामाला लावावे. प्लिनीने त्यावर हुज्जत घातल्याचे पत्र नाही.

पुढे अमिसस शहराने परस्पर-साहाय्याची वर्गणी-मंडळे चालविण्याची परवानगी मागितली. ते शहर करारान्वये स्वतःच्या कायद्यांनी चालत होते, म्हणून सम्राटाचा नाइलाज झाला. वर्गणी दंगलीसाठी नव्हे तर गरिबांच्या मदतीसाठी वापरली जाणार असेल तर अडवू नये, असे त्याने कळविले. आणि जी शहरे आमच्या कायद्याखाली आहेत, तेथे मात्र असल्या मंडळांना मनाई करावी, असेही त्याच पत्रात लिहिले.